चार फुटी टँकमध्ये सिक्लिड: म्बुनांची गर्दी, नुसते नर पीकॉक की एंजल?

सिक्लिड कुळातल्या माशांची मारामारी पूर्ण बंद होत नाही. जागा राखणं हा त्यांचा स्वभावच आहे. आपल्या हातात एवढंच असतं, की रोजचा सगळा मार एकाच माशाच्या वाट्याला येऊ नये. हे साधण्याच्या तीन पद्धती आहेत आणि मासे आणण्याआधीच त्यातली एक ठरवावी लागते. इथे १२० × ४५ × ४५ सेंमीचा, म्हणजे साधारण २४० लिटरचा टँक धरला आहे.

म्बुना हे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या खडकांत राहणारे सिक्लिड. तिथे हरलेला मासा लांब निघून जातो. टँकमध्ये चारही बाजूंना काच, पळणार कुठे? म्हणून यांना मुद्दाम दाटीत ठेवतात. वीस-पंचवीस मासे आणि वरपर्यंत रचलेले, भरपूर कपारी असलेले दगड. इतक्या गर्दीत दादागिरी करणाऱ्या नराला एकाच्याच मागे लागता येत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. पिल्लं असताना नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यामुळे जास्त पिल्लं घ्या आणि पुढे जास्तीचे नर दुकानदाराला परत द्या. सगळ्यात वाईट म्हणजे पाच-सहाच म्बुना ठेवणं. ‘थोडे मासे, कमी भांडणं’ हा हिशेब इथे उलटा पडतो. डेमासोनी नावाचे म्बुना तर बाराच्या खाली घेऊच नका.

म्बुनांच्या जातींपैकी यलो लॅब आणि रस्टी त्यातल्या त्यात सौम्य, सुरुवात त्यांनीच करा. ऑराटस ही जात मात्र टाळा. पिवळ्यावर काळे पट्टे असलेली त्याची पिल्लं दुकानातल्या ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सरमिसळ माशांत हमखास असतात आणि फार गोड दिसतात. नर मोठा झाला की गडद होतो आणि अख्खा टँक ताब्यात घेतो.

गर्दीची किंमत पाण्यात मोजावी लागते. दोन दमदार फिल्टर आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणं, यात सुटका नाही. वीज गेली की भरलेल्या टँकमधला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. तुमच्याकडे तासन्‌तास भारनियमन असेल आणि इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा एअर पंप नसेल, तर हा पर्याय सोडून द्या.

पीकॉकही मलावीचेच, पण वाळूत अन्न शोधणारे आणि बरेच शांत. इथे युक्ती वेगळी: आठ-दहा नर, प्रत्येकाचा रंग निराळा आणि मादी एकही नाही. मादी आली की नर एकमेकांवर तुटून पडतात. दोन सारख्या रंगाचे नर असले तर दबलेल्याचा रंगच उतरतो. दगड कमी, मोकळी वाळू जास्त. खर्च माशांवर होतो, कारण खात्रीचे रंगीत नर महाग असतात. अगदी लहान पिल्लू झगझगीत रंगाचं दिसलं तर सावध राहा. हार्मोन देऊन आणलेला रंग पुढे टिकत नाही. यांच्यात म्बुना मिसळू नका. ते पीकॉकना दाबतात, शिवाय खाणंही जुळत नाही: म्बुनांना स्पिरुलिनासारखं वनस्पतीजन्य खाद्य लागतं, प्रथिनं जास्त झाली की त्यांचं पोट फुगतं.

एंजल हा सिक्लिड दक्षिण अमेरिकेतला. एरवी शांत, पण जोडी जमून अंडी घातली की निम्मा टँक आपला मानतो. सहा पिल्लं एकत्र वाढवा आणि जोडी जमली की तिला वेगळं करा. उंच झाडं आणि लाकूड लावून नजरेची रेषा तोडली की पाठलाग कमी होतो. निऑन टेट्रा सोबत ठेवू नका, मोठा एंजल ते गिळतो.

पाणीही बघा. मुंबईचं नळाचं पाणी मऊ, त्यात एंजल सहज राहतो. म्बुना आणि पीकॉक या आफ्रिकन माशांना पीएच (पाण्याची आम्लता मोजण्याचा आकडा) आठच्या आसपास आणि जड पाणी लागतं, म्हणून मऊ पाण्यात पोवळ्याचा चुरा फिल्टरमध्ये घालावा लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर हा खटाटोप वाचतो.

पद्धत कुठलीही असो, नवे मासे एकेक करून सोडू नका. दगडांची जागा बदला, दिवे बंद करा आणि तीन-चार मासे एकदम सोडा, म्हणजे जुन्यांचे ठरलेले इलाके मोडतात. एखादा फारच मारकुटा असेल तर आठवडाभर त्यालाच बाहेर काढा. परत येतो तेव्हा त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

वीज आणि वेळ दोन्हींची खात्री असेल तर मी यलो लॅब आणि रस्टीची गर्दी सुचवेन, नसेल तर एंजल. पीकॉक दुसऱ्या टँकसाठी राखून ठेवा. आणि फ्लॉवरहॉर्न हा संकरित सिक्लिड आवडला असेल तर या तिन्हींत त्याला जागा नाही, तो एकट्यानेच ठेवायचा मासा आहे.