हिवाळ्यातला एक मोकळा शनिवार: इंगलटन की एझगार्थ?

धबधबा म्हटलं की आपल्याला श्रावण आठवतो. ठोसेघर असो की आंबोली, जायचं ते ऑगस्टमध्ये. डिसेंबरात तिथली धार बारीक झालेली असते आणि कणीसवाल्यांनीही गाशा गुंडाळलेला असतो. या सवयीमुळे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात नव्याने आलेली आपली मंडळी धबधबे उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात आणि जूनमध्ये जाऊन "एवढंच?" म्हणत परत येतात. इथे सगळं उलटं आहे. नद्या खऱ्या भरतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शिवाय झाडं उघडी झालेली असतात, त्यामुळे एरवी पानांआड लपणारी नदी वाटभर दिसत राहते. अट एकच, दोन-तीन दिवस आधी पाऊस झालेला हवा.

लीड्स-ब्रॅडफर्डकडून एका दिवसात जाऊन यायचं तर दोन नावं हमखास पुढे येतात. एक इंगलटनची धबधब्यांची वाट आणि दुसरं वेन्स्लीडेल दरीतलं एझगार्थ. दोन्ही ठिकाणी मी थंडीतच गेलो आहे. कुणी विचारलं की मी आधी "दोन्ही छान आहेत" म्हणतो आणि मग हळूच एकाकडे वळतो. इथेही तेच होणार आहे.

निव्वळ देखाव्याचं बोलायचं तर इंगलटन पुढे आहे, हे आधीच कबूल करतो. साडेचार मैलांचा फेरा. ट्विस नदीच्या काठाने वर चढायचं, माळावरून पलीकडे जायचं आणि डो नदीच्या काठाने खाली यायचं. दोन्ही नद्या गावात एकत्र येतात आणि पुढे त्यांची ग्रेटा होते. ही वाट 1885 सालापासून लोकांसाठी खुली आहे आणि तेव्हापासून आजतागायत धबधब्यांमागून धबधबे दाखवते आहे. त्यातला थॉर्नटन फोर्स मला सगळ्यात आवडतो. उंची म्हणाल तर 14 मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने काहीच नाही. पण त्याच्या कड्याकडे नीट बघा. वरचा चुनखडीचा थर आडवा, सरळ. खालचे जुने खडक जवळजवळ उभे. दोन्हींच्या वयात 10 कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात ते उगीच नाही. वाटेत एके ठिकाणी आडव्या पडलेल्या ओंडक्यांत लोकांनी दगडाने ठोकून ठोकून नाणी बसवली आहेत. गाडी पुलावर आली की नदीत नाणं टाकणाऱ्या आपल्या लोकांना ते बघून परकं वाटणार नाही.

मग अडलं कुठे? तिकिटावर नाही. वाट खाजगी जमिनीतून जाते, माणशी पैसे पडतात, चौघांचं कुटुंब असेल तर आकडा जरा लागतो. पण वाट नीट राखलेली आहे, त्यामुळे तक्रार नाही. डिसेंबरात सूर्य पावणेचारला मावळतो आणि घळीत त्याच्याही आधी अंधारून येतं, म्हणून सकाळी लवकर पोचावं लागतं. तेही चालून जातं.

मला नकोसं झालं ते पायऱ्यांमुळे. या फेऱ्यात हजारावर पायऱ्या आहेत. पेक्का धबधब्याशेजारच्या चढावर त्या एकामागून एक येतात. दगड ओला, त्यावर कुजून चिकटलेली पानं, पानांखाली शेवाळ. गारठा असेल तर तुषार गोठून वर बर्फाचा पापुद्रा. कठड्याला हात लावला तर हातमोज्यातूनही गार लागतं, नाही लावला तर पाय सरकतो. पाणी बाजूलाच कोसळत असतं, कान भरून जातात, पण नजर वर करायची सोय नाही. बघायचं तर थांबायला हवं आणि आपण थांबलो की मागे रांग खोळंबते. घरी आल्यावर आईला फोनवर वर्णन सांगायला बसलो तर कुठल्या पायरीचा टवका उडालाय ते सांगता येत होतं, धबधब्याबद्दल मात्र "खूप पाणी होतं" याच्यापुढे गाडी जाईना. शिवाय हा फेरा असल्यामुळे अर्धा झाल्यावर "चला, पुरे" म्हणायची सोय नाही. मागे वळलात तरी उतरायच्या त्याच पायऱ्या आहेत आणि उतरताना त्या जास्त छळतात.

एझगार्थला पायऱ्या नदीला आहेत. युअर नदी चुनखडीच्या रुंद थरांवरून टप्प्याटप्प्याने खाली येते. कठीण चुनखडीखालचे मऊ थर पाण्याने पोखरले, वरचा दगड तुटत गेला आणि हे टप्पे तयार झाले. वरचा, मधला आणि खालचा असे तीन धबधबे आहेत. उंची एकालाही फार नाही, पण नदी चांगली पसरलेली आहे आणि पूर असला की काठापासून काठापर्यंत सगळं पाणीच. वरच्या माळांवरच्या पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीमुळे, या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग असतो. वरचा धबधबा पुलाजवळूनच दिसतो. मधल्या आणि खालच्याकडे जाणारी वाट हेझलच्या रानातून, बऱ्यापैकी सपाट जाते. या रानातून लाकूडफाटा न्यायचा हक्क शेजारच्या कार्पर्बी गावातल्या काही लोकांकडे जुन्या काळापासून आहे, त्यामुळे झाडं आळीपाळीने बुंध्यापर्यंत छाटलेली दिसतात. खालच्या धबधब्याशी उतरताना जरा जपायला लागतं, तेवढंच. बाकी हात खिशात घालून, मान वर करून चालता येतं. 1816 साली चित्रकार टर्नर इथे येऊन स्केचेस करून गेला. इथे निवांत उभं राहता येतं, हेही त्याला सोयीचं पडलं असावं.

एझगार्थच्या उण्या बाजूही सांगतो. तिन्ही धबधबे तास-दीड तासात उरकतात. "एवढ्यासाठी एवढी गाडी चालवली?" हा प्रश्न आमच्याही गाडीत विचारला गेला आहे. त्यावर माझा उपाय म्हणजे कार्पर्बीवरून शेताशेतांतून कासल बोल्टन गावापर्यंत चालत जाणे. स्कॉट्सची राणी मेरी हिला 1568-69 मध्ये तिथल्याच किल्ल्यात नजरकैदेत ठेवलं होतं. हिवाळ्यात किल्ला आतून बघायला मिळेलच असं नाही, आणि वाटेत चिखल भरपूर, पण संपूर्ण दरी नजरेखाली येते. दुसरी अडचण रस्त्याची. इंगलटनला ए-65 थेट नेऊन सोडतो. एझगार्थला केटलवेल-बकडनवरून गेलात तर किडस्टोन्सची चढण लागते आणि तिथे बर्फ असला तर घाम फुटतो. गारठ्याचा अंदाज असेल तर लांबून, हॅरोगेट-लेबर्नवरून जावं.

मुलं कॉलेजात जाणारी असतील, गुडघे धड असतील आणि सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेले असतील तर इंगलटनला जरूर जा. कदाचित माझी कुरकुर तुम्हाला हसण्यावारी न्यावीशी वाटेल. सोबत भारतातून आलेले आईवडील असतील, लहान पोर असेल किंवा पाणी बघायलाच जायचं असेल, तर मी एझगार्थ म्हणेन. पार्किंगचेच काय ते पैसे पडतात. अकराच्या आत पोचा, आधी खालच्या धबधब्याकडे जा, तिथे सपाट कातळ आहे, डबा तिथेच उघडा. वरचा धबधबा गाडीच्या वाटेवर परत येताना होतो. थॉर्नटन फोर्स बघायचा राहिला असं वाटलं तर एप्रिलमध्ये जा. पाणी थोडं कमी मिळेल, पण पायऱ्या वाळलेल्या असायची शक्यता जास्त.