मोठं जहाज की छोटी बोट?

भुसावळचा भाचा तटरक्षक दलाच्या भरतीची तयारी करतोय. पोहणं तापीत शिकला, समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेला. "मामा, मोठं जहाज बरं की छोटी बोट?"

'विक्रम' वर्गातलं गस्ती जहाज ९८ मीटर लांब. वेग २६ नॉट, पल्ला ५००० सागरी मैल, वर हेलिकॉप्टर उतरायची सोय. एकदा निघालं की कित्येक दिवस खोल समुद्रातच.

इंटरसेप्टर बोट जेमतेम २७-२८ मीटर, पण ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर! किनाऱ्याजवळ संशयित होडीचा पाठलाग करावा तर हिनंच. (अशा बऱ्याच बोटी हजिऱ्यात, आपल्याच तापीच्या मुखाशी बांधल्यात.) उसळत्या लाटांत मात्र हाडं खिळखिळी होतात.

माझं मत मोठ्या जहाजाला. पोस्टिंग काही मामाच्या हातात नाही म्हणा.