१०,००० एमएएच की २०,०००? नागपूरच्या उन्हात कोणती पॉवर बँक घ्यावी

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मोबाइलच्या कुठल्याही दुकानात पॉवर बँक मागितली की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, दहाची दाखवू का वीसची?" दहाची म्हणजे १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता मोजायचं एकक), वीसची म्हणजे २०,०००. किमतीत फार फरक नसतो, म्हणून "घ्यायचीच आहे तर मोठी घ्या" असं ऐकून बरेच जण वीसची घेऊन निघतात. माझं मत उलट आहे. सकाळी बाहेर पडून संध्याकाळी घरी येणाऱ्या नागपूरकराला दहाची पुरते. वीसची कोणी घ्यावी, तेही पुढे सांगतो. पण दोन्हींच्या आधी खोक्यावरचा मोठा आकडा विसरून वॅट-अवर, म्हणजे आत साठणारी ऊर्जा, किती आहेत आणि ऊन किती सोसेल, हे बघायला हवं.

खोक्यामागचा बारीक मजकूर

खोकं उलटं करून बघा. समोर ठळक अक्षरात १०,००० असतं, मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' असते आणि ती ५,५०० ते ६,५०० एमएएचच्या आसपास भरते. चांगल्या कंपनीच्या मालावरही हेच दिसेल. यात लबाडी नाही. आतल्या लिथियम सेलचं व्होल्टेज ३.७ असतं, फोनला मात्र निदान ५ व्होल्ट द्यावे लागतात. १०,००० ला ३.७ ने गुणून १,००० ने भागलं की ३७ वॅट-अवर येतात. तीच ऊर्जा ५ व्होल्टवर मोजली तर ७,४०० एमएएच होते आणि व्होल्टेज चढवताना सर्किटमध्ये त्यातलीही काही उष्णता होऊन निघून जाते. उरतं ते मागच्या बाजूला छापलेलं.

आता फोनकडे या. ५,००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॅट-अवरची असते. म्हणजे दहाच्या पॉवर बँकेतून फोन एकदा पूर्ण भरतो आणि वर जेमतेम अर्धा. वीसची ७४ वॅट-अवरची, तिच्यातून तीनदा भरला तर खूप झालं. 'दहामध्ये दोनदा, वीसमध्ये चारदा' हा काउंटरवरचा हिशेब प्रत्यक्षात जमत नाही. रेटेड कपॅसिटी छापलेलीच नसेल, तर मी ती पॉवर बँक हातातही धरणार नाही.

वजन, वेळ आणि माणूस

दहाची साधारण २०० ते २२० ग्रॅम, पँटच्या खिशात मावते. वीसची ४०० ते ४५० ग्रॅम, तिला बॅगच लागते. पॉवर बँक स्वतः चार्ज व्हायलाही वेळ घेते, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. १८ वॅटच्या चार्जरवर दहाची साधारण चार तासांत भरते, वीसची सहा-सात तास घेते. घरातला जुना १० वॅटचा चार्जर लावला तर वीसची रात्रभर लावूनही सकाळी अर्धवटच राहू शकते.

कॉलेज, अभ्यासिका, ऑफिस, मेट्रोने जाणं-येणं एवढंच असेल तर दहाची घ्या. दिवसभर नकाशा सुरू ठेवून डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना मी दहाच्याच दोन घ्यायला सांगेन: एक खिशात, एक घरी चार्जिंगला. एक बिघडली तरी त्या दिवसाचा धंदा बुडत नाही.

वीसची घ्यायला सबळ कारण हवं. नागपूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाता आणि बर्थपासून सॉकेट लांब असतं. शिवाय रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचे रेल्वेचे निर्देश आहेत. अशा वेळी वीसची कामाला येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावाहून दीक्षाभूमीवर येणारी कुटुंबं दोन-दोन दिवस मैदानात असतात आणि चुकामूक झाली तर माणूस फोनवरच सापडतो. तीन-चार फोनांच्या मध्ये एक वीसची असलेली बरी. गडचिरोलीकडे निवडणुकीची ड्युटी लागली तरी हेच. लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर तिथे दहाची उपयोगाचीच नाही. वीसची घ्या आणि ती ४५ किंवा ६५ वॅट देते याची खात्री करा. तरीही लॅपटॉप एकदाच भरेल, कारण त्याची बॅटरी बहुधा ५० वॅट-अवरच्या पुढेमागे असते.

खरी परीक्षा नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत)

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी लिहिलेल्या तुलनेत ही गोष्ट सापडणार नाही, आपल्याला मात्र तीच महत्त्वाची. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. विक्रम सोडा, मे महिन्यात ४४-४५ म्हणजे आपल्याकडे रोजचंच. नेहमीचा लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावा असं त्याचे उत्पादक सांगतात. वापरताना, म्हणजे त्यातून वीज काढताना, ही मर्यादा ६० च्या आसपास असते. दुपारी दोन वाजता उन्हात लावलेल्या गाडीच्या डिक्कीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली असते. त्या डिक्कीत दुपट्टा, पाण्याची बाटली आणि खाली पूर्ण भरलेली पॉवर बँक, असं दृश्य मी दर उन्हाळ्यात पार्किंगमध्ये बघतो आणि जीव खालीवर होतो. ती तिथल्या तिथे पेटेलच असं नाही. पण पूर्ण भरलेला सेल गरम जागी ठेवला की तो झपाट्याने म्हातारा होतो. आत वायू तयार होतो आणि चपट्या पॉलिमर सेलची पॉवर बँक फुगायला लागते. दोन उन्हाळ्यांत क्षमता निम्म्यावर आली म्हणून कंपनीला नावं ठेवणाऱ्यांनी ती ठेवली कुठे होती, हेही आठवून बघावं.

म्हणून उन्हाळ्यात ती डिक्कीत नको, अंगाजवळच्या बॅगेत हवी. चार्जिंग रात्री कूलरच्या खोलीत करा. फ्रिजवर, टीव्हीमागे किंवा गादीवर नको. अनेक दिवस वापर नसेल तर अर्धी भरून ठेवा.

याच कारणासाठी फोनच्या पाठीला चिकटणारी मॅग्नेटिक वायरलेस पॉवर बँक मी नागपूरकरांना सुचवत नाही. दिसायला देखणी आहे, केबलची कटकट नाही. पण वायरलेसमध्ये वायरपेक्षा ऊर्जा जास्त वाया जाते आणि ती सगळी उष्णता होऊन फोन आणि बँक यांच्या मधोमध अडकते. तापलेला फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. डिसेंबरात ती छान वाटेल, एप्रिलपासून बॅगेत पडून राहील.

उलट एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची पॉवर बँक मिळाली तर जरूर विचार करा. हे रसायन उष्णतेला जास्त दाद देत नाही, पेटण्याचा धोका कमी असतो आणि नेहमीचे सेल चार्जिंगच्या ३०० ते ५०० आवर्तनांनंतर थकतात तिथे हे २,००० च्या घरात जातात. तोटा वजनाचा. तेवढ्याच ऊर्जेला बँक जड आणि जाडजूड होते. अजून एक खाच आहे: या सेलचं व्होल्टेज ३.२ असल्यामुळे १०,००० एमएएचचे ३२ वॅट-अवरच होतात. म्हणूनच तुलना एमएएचवर न करता वॅट-अवरवर करायची. दिवसभर फिरतीवर, उन्हात काम असणाऱ्याला मी वजन सोसून हीच घ्यायला सांगेन.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. बहुतेकांना टाइप-सी पोर्टवर २० ते ३० वॅटचं पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जिंग पुरेसं आहे. तुमच्या फोनचं ६७ किंवा ८० वॅटचं चार्जिंग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचं असेल, तर पॉवर बँकेवर तो वेग मिळेलच असं नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. इअरबड्स किंवा घड्याळ चार्ज करायचं असेल तर मात्र 'लो करंट मोड' आहे का ते विचारा, नाहीतर वीज फार कमी ओढली जातेय म्हणून पॉवर बँक आपोआप बंद पडते.

दुकानात उभं राहून

भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. अंगावर 'आयएस' ने सुरू होणारा मानकाचा आकडा आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. फोनवर बीआयएस केअर अॅप घ्या, 'आर'चा क्रमांक टाका आणि पडद्यावर येणारं कंपनीचं नाव खोक्यावरच्या नावाशी ताडून बघा. मिनिटभराचं काम आहे. फुटपाथवरच्या ५०,००० लिहिलेल्या हलक्याफुलक्या डब्यावर तो क्रमांक एकतर नसतो, नाहीतर दुसऱ्याच कोणाचा निघतो. आत जुन्या लॅपटॉप बॅटऱ्यांतून काढलेले सेल असू शकतात.

मोठ्या नावावरही डोळे मिटून विसंबू नका. जून २०२५ मध्ये अँकरने आग लागण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेतून पॉवरकोअर १०००० या मॉडेलचे ११ लाखांहून जास्त नग परत मागवले. कोणाकडून जुनी पॉवर बँक विकत किंवा भेट मिळाली असेल तर मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून विमान पकडणार असाल तर पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंतची नेता येते, म्हणजे दहाची आणि वीसची दोन्ही चालतात. ३०,००० एमएएचची १११ वॅट-अवर होते, तिला आधी विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा अंगावर स्पष्ट छापलेला हवा, पुसट झाला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला सांगू शकतात.

बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या. आणि कधी फुगलेली दिसली तर टोचू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका, घंटागाडीत तर टाकूच नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.