1 टीबी सांगून 120 जीबी: मॉड केलेल्या एक्सबॉक्ससाठी ड्राइव्ह घेताना मी कशी फसले

लिहायची लाज वाटत होती म्हणून तीन आठवडे गप्प बसले. काल त्या विक्रेत्याची तीच जाहिरात, त्याच फोटोसकट, पुन्हा समोर आली आणि डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. खोट्या मापाच्या पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे, मलाही होतं. तरी फसले, कारण जुन्या कन्सोलच्या बाबतीत त्या फसवणुकीला लपायला फार सोयीची जागा मिळते.

माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स हा गेम कन्सोल आहे, 2001 साली आला तो. टीसॉप (बोर्डवरची बायोसची चिप) मी स्वतः फ्लॅश केली होती, म्हणजे तिच्यात बदललेला बायोस (कन्सोल सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) टाकला होता, त्यामुळे हार्ड ड्राइव्ह कन्सोलच्या किल्लीने लॉक नसली तरी चालते. डीव्हीडी ड्राइव्हची लेझर थकली होती. डिस्क पाचदा आत-बाहेर केली की एकदा वाचायची. माझ्याच डिस्कवरचे गेम हार्ड ड्राइव्हवर टाकून खेळावेत एवढंच मनात होतं. मूळ ड्राइव्ह 8 जीबीची, तिच्यात काय मावणार? म्हणून 1 टीबीची साटा एसएसडी, सोबत ती कन्सोलच्या जुन्या जोडणीला लावायचा आयडीई अॅडॉप्टर आणि 80 तारांची केबल असा ‘तयार संच’ मागवला. पार्टिशन (ड्राइव्हचे भाग) पाडलेली, डॅशबोर्ड (कन्सोलचा मुख्य मेनू) टाकलेला, फक्त जोडायचा.

पैसे असे गेले: ठरलेल्या किमतीच्या 60 टक्के आगाऊ. जुनी 8 जीबीची ड्राइव्ह त्याला पाठवली तर 10 टक्के सूट. ती पाठवली आणि उरलेले 30 टक्के दिले. पुढे आणखी 15 टक्के दिले, ते कशाचे ते खाली येईलच. म्हणजे सूट घेऊनही ठरलेल्या किमतीच्या 105 टक्के मी मोजले.

त्या सुटीपाशीच थांबायला हवं होतं. जुनी ड्राइव्ह माझ्या कन्सोलच्या ईप्रॉममधल्या (आतल्या छोट्या मेमरी चिपमधल्या) किल्लीने लॉक केलेली. ती किल्ली नसेल तर ती सहजासहजी कुणाला उघडत नाही, त्याच्या दृष्टीने भंगार. भंगारासाठी माणूस 10 टक्के का सोडेल? आता कळतं. ती माझ्याकडे राहिली असती तर काही बिघडताच मी जुनी लावून पाहिली असती आणि दोष कुठे आहे ते दहा मिनिटांत कळलं असतं. जुनी ड्राइव्ह कुणालाही देऊ नका. सुटीसाठी नाही, कशासाठीच नाही.

पण त्याहून मोठी चूक ड्राइव्ह हातात आली त्या संध्याकाळची. मी ती आधी लॅपटॉपला लावून तपासणार होते, तसं त्याला कळवलंही. लगेच उत्तर आलं: “अजिबात लावू नका. ही फॅटएक्स फाइल सिस्टिम आहे, विंडोजला ओळखता येत नाही. ते इनिशियलाइझ करायला विचारेल, चुकून हो म्हणालात तर सगळं पुसलं जाईल आणि वॉरंटीही जाईल.”

यातलं वॉरंटीचं सोडलं तर बाकी जवळपास सगळं खरं आहे! विंडोज फॅटएक्स वाचत नाही, इनिशियलाइझचं (नवी ड्राइव्ह म्हणून तयार करण्याचं) विचारतं, आणि हो म्हटलं तर पंचाईत होते. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून मला तो जाणकार वाटला. मी त्याचे आभार मानले. ते वाक्य आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. रिकामी करून तपासून मग पुन्हा पार्टिशन पाडायला मला किती वेळ लागला असता? एक रात्र. ते काम मला येतं. मी नवखी नाही, आणि नेमकं तेच मला नडलं.

ड्राइव्ह लावली. डॅशबोर्डवर एफ पार्टिशनमध्ये सुमारे 924 जीबी मोकळे दिसले. हिशेब चोख: कन्सोल 1024 च्या पटीत मोजतो, म्हणून 1 टीबी म्हणजे त्याच्या मोजणीत 931 जीबी, त्यातून सुरुवातीच्या पार्टिशनांचे साडेसात जातात. क्लस्टरचं (ड्राइव्हवरची जागा ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांचं) मापही पाहिलं, कारण एवढ्या मोठ्या पार्टिशनला ते 64 के (किलोबाइट) नसेल तर डेटा सडतो. 64 के होतं. जुने सेव्ह (गेममधली जपून ठेवलेली प्रगती) लॅपटॉपवर काढून ठेवले होते, ते एफटीपीने (नेटवर्कवरून) ई पार्टिशनवर टाकले. दिसले, उघडले. लॅपटॉपवर गेम रिप करायला (डिस्कवरून उतरवून घ्यायला) जागा हवी होती म्हणून दुसऱ्या दिवशी तिथली प्रत पुसली. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. 2004 पासूनचे सेव्ह होते ते, धाकट्या भावाने आणि मी मिळून खेळलेले.

रोज संध्याकाळी एक-दोन गेम चढवत गेले. एफवर 104 जीबी भरेपर्यंत एकही तक्रार नाही. परतीची मुदत 15 दिवसांची होती, ती तेव्हा उलटून गेली होती. 23व्या दिवशी नव्याने टाकलेला 28वा गेम मध्येच गोठला. तेव्हा 106 जीबी भरले होते. मला वाटलं रिप खराब. पुन्हा टाकला. एकदा चालला, दुसरा एखादा गेम खेळून परत आले की पुन्हा गोठला.

विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, “तुमचा बायोस जुना आहे. 137 जीबीची सीमा आडवी येतेय. एलबीए48 चा पॅच असलेला बायोस पाठवतो, त्याचे वेगळे पडतील.” ते हे 15 टक्के.

मी दिले, कारण ती सीमाही खरी आहे. 28 बिटांच्या पत्त्याने 137 जीबीच्या पुढे जाता येत नाही (एलबीए48 म्हणजे 48 बिटांचा पत्ता), जुन्या बायोसवर त्यापुढे लिहिलं की डेटा खराब होतो, हे कन्सोल मॉड करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पण आकडा तरी पाहायचा होता! 137 म्हणजे कन्सोलच्या मोजणीत 128. सुरुवातीचे साडेसात वजा केले तर एफवर साधारण 120 भरल्यावर त्रास सुरू व्हायला हवा. माझा 106 च्या आतच सुरू झाला होता. चौदा जीबी आधी. साधी वजाबाकी. 924 चा हिशेब पहिल्या दिवशी मी तोंडी केला होता आणि हा केला नाही, कारण तोवर ‘बायोस’ हा शब्द ऐकून मला स्वतःच्याच फ्लॅशिंगची शंका यायला लागली होती.

बायोस फ्लॅश केला. वीज गेली तर कन्सोल कायमचा जाईल या धास्तीत ते काम उरकलं. मग, आता दुरुस्त झालं म्हणून, आणखी दोन गेम चढवले. दुसरा चढत असतानाच एफटीपी तुटलं. कन्सोल बंद करून चालू केला तर डॅशबोर्ड येईना, सर्व्हिसची गरज आहे असं अनेक भाषांत सांगणारा पडदा.

खरा प्रकार ड्राइव्ह लॅपटॉपला लावून एच2टेस्टडब्ल्यू (ड्राइव्ह भरून परत वाचून खरं माप काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं तेव्हा उघड झाला. सांगितलेले 931, खरे 111.7. म्हणजे 120 जीबीची ड्राइव्ह, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून 1 टीबी सांगणारी. खोळ उघडली तर आत बोटभर सर्किट बोर्ड. खरी जागा संपली की ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागायची. आणि एक्सबॉक्सच्या ड्राइव्हवर सुरुवातीला काय असतं? एक्स, वाय, झेड, प्रत्येकी 750 एमबीचे कॅशे (तात्पुरत्या फाइलींचे भाग). त्यांवर काही लिहिलं गेलं तरी कुणाला कळत नाही. उलट गेम सुरू झाला की तो तिथे आपला कॅशे लिहितो आणि वर चढलेला नवा गेम कुरतडला जातो. म्हणून 28वा गेम एकदा चालून नंतर गोठत होता. कॅशेनंतर सी, 500 एमबी, त्यात डॅशबोर्ड. त्यानंतर ई, त्यात सेव्ह. त्याने विकलेल्या ‘दुरुस्ती’नंतर मी जे दोन गेम टाकले, ते सी आणि ई वर जाऊन बसले. तोवर सेव्ह शाबूत होते.

आणि तो बायोस? दोन्ही फाइलींचा एमडी5 (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढला. माझ्याकडे आधीपासून असलेला आणि त्याने विकलेला, शेवटच्या अक्षरापर्यंत एकच. पॅच माझ्या बायोसमध्ये पहिल्यापासून होता.

आता तक्रारीचं. विक्री संकेतस्थळाने पुरावा म्हणून ड्राइव्हचं माप दिसेल असा फोटो मागितला. फोटोत माप 1 टीबीच दिसणार, फसवणूक तीच तर आहे! मी तपासणीचा अहवाल जोडला. उत्तर आलं, “तिसऱ्या पक्षाचं सॉफ्टवेअर ग्राह्य नाही, फोटोनुसार वस्तू वर्णनाप्रमाणे आहे.” तक्रार बंद. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. चार वेळा, चारही वेळा तेच वाक्य, फक्त खालचं नाव वेगळं. पैसे ज्यांच्यामार्फत भरले त्यांनी विक्री संकेतस्थळाचा निकाल आणायला सांगितला. निकाल दाखवला तर म्हणाले, तो तुमच्या विरोधात आहे.

सायबर पोलिसांकडे दोन तास बसले. अर्जात मी प्रामाणिकपणे ‘मॉड केलेला कन्सोल’ असं लिहिलं होतं. “म्हणजे हॅक केलेला का?” तिथून पुढे मीच आरोपी असल्यासारखे प्रश्न. गेम कुठून आणले, परवानगी होती का, वगैरे. डिस्क माझ्या आहेत, कपाटात आहेत, दाखवते म्हटलं. ते कुणाला बघायचं नव्हतं. शेवटी एक अधिकारी म्हणाले, “ताई, एवढ्यासाठी कशाला? मुलाला नवीन घेऊन द्या.” कुठला मुलगा? कन्सोल माझा आहे. पैसे माझे गेलेत. कुणी खोट्या मापाचा काटा वापरला तर गुन्हा होतो, मग ड्राइव्हचं माप खोटं सांगितलं तर का होत नाही, या प्रश्नाला तिथे कुणीही उत्तर दिलं नाही. अर्जाची पोच मागितली तर ‘ऑनलाइन येईल’. आलेली नाही.

तुम्ही असा संच घेतलाच असेल तर आज रात्रीच, मुदत संपण्याआधी, तो पीसीला लावा, फॉरमॅट करा, आणि एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 ने शेवटच्या जीबीपर्यंत भरून परत वाचून बघा. डॅशबोर्ड किंवा विंडोज दाखवतं ते माप पुरावा नाही, ड्राइव्ह स्वतःबद्दल जे सांगते तेवढंच ते असतं. चित्रीकरण पाकीट उघडण्यापासून तपासणी संपेपर्यंत सलग करा, कारण तुमच्याकडेही फोटोच मागतील. पार्टिशन नंतर एक्सबीपार्टिशनरने (एक्सबॉक्सची पार्टिशन पाडायच्या साधनाने) स्वतः पाडा. ईप्रॉमची प्रत कन्सोलच्या बाहेर दोन ठिकाणी ठेवा. सेव्हची प्रत पुसू नका, जागा कमी पडत असेल तर गेमची रिप पुसा, डिस्क तुमच्याकडे आहे. ड्राइव्ह तपासू नका असं कुणी कितीही शास्त्रोक्त कारण देऊन सांगितलं तरी त्याच क्षणी पैसे परत मागा.

विक्रेत्याला मी पाचवा मेल टाकलाय. आता पैसे मागितलेले नाहीत. माझी जुनी 8 जीबीची ड्राइव्ह तेवढी परत पाठव, असं लिहिलंय. तिच्यावरचं काही त्याने पुसलं नसेल तर सेव्ह अजून तिथे असतील, आणि तिची किल्ली माझ्याकडे आहे. मेल वाचल्याची खूण आली आहे, उत्तर आलेलं नाही.