थेट की ध्वनिमुद्रित: निवेदकाच्या सभ्यतेच्या कसोटीवर

गप्पांचा नवा कार्यक्रम थेट करावा की आधी मुद्रित करून ठेवावा, असं एका निवेदक मैत्रिणीनं विचारलं.

भाषेचा तोल: थेट कार्यक्रमात प्रसारण काही सेकंद मागे ठेवून शिवी गाळता येते, पाहुण्याला हिणवणारा सूर मात्र गाळता येत नाही. मुद्रणात दोन्ही कापता येतात.

जबाबदारी: पण नुसतं मुद्रण पुरेसं नाही. २००८ मध्ये बीबीसी रेडिओ २ ने एका वयस्क अभिनेत्याच्या फोनवर निवेदकांनी ठेवलेले अश्लील निरोप प्रसारित केले. कार्यक्रम आधीच मुद्रित होता, तरी तो भाग न कापता प्रसारित झालाच. २००९ मध्ये ऑफकॉम या ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेनं बीबीसीला १,५०,००० पौंडांचा दंड केला. घाईत निसटलेल्या शब्दापेक्षा हे मला कितीतरी गंभीर वाटतं, कारण इथे विचार करायला वेळ होता.

चूक सुधारणं: इथे थेट कार्यक्रम सरस. ज्यांनी ऐकलं, त्यांच्यासमोरच लगेच माफी मागता येते.

मेहनत: मुद्रणाला संपादनाचे तास जास्त लागतात.

बातम्या आणि आपत्तीच्या वेळची माहिती थेटच हवी, तीही मुरलेल्या निवेदकाकडे. थट्टामस्करी, लहान मुलं किंवा अत्याचारग्रस्तांच्या मुलाखती असतील तर मुद्रण निवडा. सोबत निवेदकाला ठामपणे ‘नाही’ म्हणू शकणारा संपादक हवा.