‘डॉट भारत’चे एक वर्ष : दऱ्या, दर्या आणि पत्ता

आमच्या गिर्यारोहण गटाच्या संकेतस्थळासाठी गेल्या वर्षी मी ‘दऱ्याखोऱ्या.भारत’ हे देवनागरी डोमेन नाव घेतले. ‘घेतले’ म्हणायचे ते सवयीने. डोमेन नाव वर्षावर्षाच्या भाड्यानेच मिळते आणि भाडे थकले की ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पहिल्या वर्षाचा खर्च साध्या खानावळीतील दोघांच्या जेवणाइतका आला, त्यामुळे किमतीबद्दल तक्रार करण्यास जागा नाही.

आधी श्रेय द्यायला हवे ते देतो. निक्सी ही संस्था ‘डॉट इन’प्रमाणेच ‘डॉट भारत’चाही कारभार पाहते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या देवनागरी नावात हिंदीबरोबर मराठी आणि कोंकणीचीही सोय आहे. वर्षभरात आमचे नाव शोधूनही सापडले नाही, असे एकदाही झाले नाही. ब्राउझरमध्ये नाव टंकले की आधी टिंबापुढच्या सर्व नावांची यादी ठेवणाऱ्या रूट सर्व्हरला, मग ‘भारत’च्या सर्व्हरला आणि शेवटी आमच्या सर्व्हरला विचारणा होते, आणि हा सारा प्रवास डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो. नाव शोधून देणे एवढीच सेवा मोजायची, तर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

अडचण अशी की या साखळीतील एकाही सर्व्हरला देवनागरी दिसत नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये या व्यवस्थेचा आराखडा मांडला, तेव्हा संगणकांची नावे रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढ्यातच बसवण्याची रीत होती. दोन टिंबांमधल्या प्रत्येक तुकड्याला ६३ चिन्हांची मर्यादा पडली, आणि ती आजही तशीच आहे. जगभर पसरलेली ही यंत्रणा उखडून नवी बसवणे शक्य नव्हते, म्हणून २००३ मध्ये पनीकोड नावाची तोड निघाली. तिच्यामुळे ‘भारत’ हा शब्द तारेवर ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा जातो. मराठी नावाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याआधी रोमन वेश चढवावा लागतो. आत आल्यावर तो उतरवायचा की नाही, हे समोरच्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर. आमच्या गटातील एकाने हा पत्ता एका निरोपाच्या ॲपमधून पाठवला तेव्हा तो त्या वेशातच पोहोचला, आणि त्याच्या सासऱ्यांनी ‘फसवणुकीची लिंक दिसते’ म्हणून तो पुसून टाकला. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

मराठी माणसाला खरा अनुभव येतो तो नाव निवडताना. ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा असला, तरी संगणकाच्या लेखी ती अकरा चिन्हे आहेत. त्यातही ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात युनिकोडमधील ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण डोमेनच्या दृष्टीने ते एक नाहीत. २००३ च्या नियमांनुसार हा जोडक सरळ गाळला जाई, आणि तो गळला की उरतो रफार, म्हणजे ‘दर्याखोर्या’. सह्याद्रीच्या दऱ्यांत निघालेला गट टंकनाच्या एका फरकाने समुद्रात! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर जोडकाला जागा दिली. परंतु जुन्या वळणाची सॉफ्टवेअरे अजून वापरात असल्यामुळे कोणाकडे काय उघडेल याचा भरवसा नाही. माझ्या फोनच्या कळफलकाने जोडकाचा प्रकार दिला, तो नोंदणीच्या रकान्याने ‘अवैध अक्षर’ म्हणून परत पाठवला, आणि कोणते अक्षर अवैध हे सांगण्याची तसदी मात्र घेतली नाही. ‘ऱ’ वापरून पुन्हा टंकल्यावर नाव मिळाले. कऱ्हाड, वऱ्हाड किंवा ‘खोऱ्यातील’ असे काहीही ज्यांना नावात हवे असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

ईमेलच्या बाबतीत तर निराशाच पदरी पडली. देवनागरी पत्त्यांसाठी आवश्यक तांत्रिक मानके २०१२ मध्येच तयार झाली, जीमेलने २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली, आणि राजस्थान सरकारने ‘राजस्थान.भारत’खाली नागरिकांना हिंदी पत्ते देऊ केले. तरीही आमचा देवनागरी ईमेल पत्ता मी पाच ठिकाणच्या अर्जांत भरून पाहिला. तिकीट काढण्याच्या, विम्याच्या आणि ट्रेकचे बूट विकणाऱ्या संकेतस्थळांनी ‘योग्य ईमेल लिहा’ असे बजावले, आणि ज्या दोघांनी तो स्वीकारला त्यांपैकी एकाचेच पत्र आले.

पुढे काय, या प्रश्नाला सध्या मिळणारे उत्तर मला फारसे पटत नाही. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने टिंबापुढची नवी नावे मागवण्याची एक फेरी २०१२ मध्ये घेतली. त्यानंतरची फेरी २०२६ साठी ठरली आणि तिचे अर्जशुल्क २,२७,००० डॉलर ठेवले गेले. नव्या शेपट्या कितीही आल्या, तरी अर्जाच्या रकान्यात बसवलेली जुनी तपासणी बदलली नाही तर त्या अडणारच. ते काम कंटाळवाणे आणि बिनप्रसिद्धीचे असल्यामुळे मागे पडते. ब्लॉकचेनवरील नावांचा पर्यायही सुचवला जातो, पण सामान्य ब्राउझर जी नावे उघडत नाही ती फलकावर लिहून आम्ही काय करणार?

म्हणून दुकान, संस्था किंवा गट चालवणाऱ्यांनी देवनागरी नाव अवश्य घ्यावे, मात्र सोबत रोमन ‘डॉट इन’ नावही ठेवावे आणि दोन्ही एकाच पानावर वळवावीत. लोणावळा स्थानकाबाहेर आमचा फलक पाहून लोक देवनागरी नाव मोठ्याने वाचतात, हे सुख रोमन नावाने कधी दिले नव्हते. मी दोन वर्षांचे नूतनीकरण केले आहे. त्या अर्जातील ‘संपर्कासाठी ईमेल’ या रकान्यात मात्र रोमन पत्ताच भरावा लागला, कारण ‘डॉट भारत’ नावे विकणारे ते संकेतस्थळ स्वतः ‘डॉट भारत’चा ईमेल स्वीकारत नाही.