दातांच्या तारा, वॉटर फ्लॉसर आणि एक रबरी झाकण : १६ महिन्यांनंतरचा अनुभव

काल रात्री परत तेच झालं. लेक बेसिनपाशी उभी राहून म्हणाली, "मम्मी, ह्याचंपण झाकण ढिलं झालंय बघ," आणि मी पोळ्या तशाच टाकून आधी ते मशीन, म्हणजे पाण्याच्या झोताने दातांतलं अडकलेलं काढणारा वॉटर फ्लॉसर, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. चार्जिंगच्या भोकावरचं झाकण. करंगळीच्या नखाएवढं रबर. मागचं मशीन त्याच्यामुळेच गेलं आणि माझे दोन महिने फोन आणि मेल करण्यात गेले. घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले होते ते सगळे आठ-दहा दिवस वापरून लिहिलेले होते, तारा तर दीड-दोन वर्षं दातावर असतात, म्हणून म्हणलं आपण नीट लिहू.

आधी थोडक्यात. लेक नववीत आहे. जुलै २०२४ मध्ये वरखाली मेटलच्या तारा लावल्या, पैसे हप्त्याने देतोय. त्याच महिन्यात ऑनलाइन वॉटर फ्लॉसर घेतला, बिनवायरचा, २,१९९ रुपयांना. तीन मोड, ३०० मिलीची टाकी, यूएसबी चार्जिंग. आम्ही सोलापूरचे. हे मुद्दाम सांगतेय कारण इथलं पाणी आणि इथलं खाणं ह्या दोन्हीचा ह्या मशीनशी फार संबंध आला.

पहिले तीन-चार महिने मी खूश होते, आणि ते खरंच होतं. आमच्याकडे ताटात शेंगाची चटणी असतेच, आणि तारा लावल्यावर ती चटणी कुठे कुठे जाऊन बसते हे ज्यांच्या घरात तारा आहेत त्यांनाच कळेल. ब्रॅकेटच्या (तार धरून ठेवायला प्रत्येक दातावर चिकटवतात त्या छोट्या चौकोनाच्या) चारी बाजूंना, तारेच्या मागे, दाढेच्या पट्टीखाली. ब्रशने घासलं की कण निघायच्या ऐवजी आणखी आत सरकायचे. फ्लॉसर मधल्या मोडवर फिरवला की बेसिनमध्ये सगळं लाल लाल पडायचं आणि लेक पण हसायची. मी शेजारच्या दोघींना घ्या म्हणून सांगितलं. पावसाळ्यात दुसरा फायदा कळला, म्हणजे ब्रश रात्रभर वाळतच नव्हता, प्लास्टिकची टोपी लावली तर आत कुबट वास यायचा, म्हणून आम्ही टोपी लावणंच बंद केलं आणि ब्रश उभा उघडा ठेवायला लागलो, तोपर्यंत फ्लॉसरवर भागलं. फक्त लाइट गेली की चार्जिंगचा घोळ व्हायचा.

त्याच पावसाळ्यात आणखी एक शिकलो. तार ब्रॅकेटला धरून ठेवायला छोटी रबरं लावतात, पहिल्या वेळी लेकीने त्यातली पारदर्शक निवडली, तारा कमी दिसाव्यात म्हणून. महिन्याभरात आमटी-भाजीच्या हळदीने सगळी पिवळीधमक. शाळेत पोरं बोलली, ती दोन दिवस तोंडावर हात ठेवून बोलत होती. रबरं पुढच्या व्हिजिटला बदलतातच, पण तोवर चार-पाच आठवडे जातात. तेव्हापासून गडद निळी किंवा करडी घेतो. ज्यांच्या घरी रोज हळदीचा स्वयंपाक आहे त्यांनी पारदर्शक घेऊच नका.

आता चूक सांगते, ती माझीच आहे. फ्लॉसर आहे म्हणून मी ब्रशिंगकडे बघणं कमी केलं. सहामाही परीक्षा, मग दिवाळी, लेक रात्री दमलेली असायची, एक मिनिट पाणी मारायची आणि झोपायची. मी पण म्हणायचे, मारलंय ना पाणी, झालं. डिसेंबरच्या व्हिजिटला डॉक्टर मॅडमनी आरसा हातात देऊन दाखवलं. उजवीकडच्या सुळ्यावर ब्रॅकेटच्या कडेने खडूसारखा पांढरा पट्टा. मॅडम म्हणाल्या हा डाग नाही, इथून दाताचं कॅल्शियम निघून गेलंय, ही किडीची सुरुवात. दातावर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू साखर खाऊन ॲसिड करतात, तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि तारा असल्या की तो थर ब्रॅकेटच्या आडोशाला मस्त टिकतो. एका महिन्यातसुद्धा असे पट्टे दिसू शकतात म्हणाल्या. आणि पाण्याच्या झोताने अडकलेलं अन्न निघतं, पण चिकट थर घासूनच काढावा लागतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. त्या दिवशी रिक्षात लेक काही बोलली नाही, मी पण नाही. पोरीचे दात सरळ करायला निघाले आणि माझ्या दुर्लक्षामुळे त्याच दाताला डाग पडला, हे मला अजून लागतं.

त्या दिवशी मॅडमनी दोन गोष्टी दिल्या. रात्रीची फ्लोराइडची गुळणी, आणि इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी चिमुकलं रूप. तारेच्या मागून वरून खाली घालायचा, ब्रॅकेटच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. एक ब्रश मला साधारण ४० रुपयांना पडतो आणि आठवडा-दहा दिवस चालतो. तेव्हा मला वाटलं हे काय, २,२०० ची मशीन असताना ही काडी कशाला. घेतला, पण नाराजीनेच.

थंडीत मात्र परत फ्लॉसरचं कौतुक केलं. कारण हुरडा. मंगळवेढ्याकडे मामांचं शेत आहे, दरवर्षी जातो. तारा असलेल्या पोरीला हुरडा द्यायचा की नाही ह्यावर घरात दोन मतं होती, सासूबाई म्हणाल्या कोवळा दाणा आहे, दाताला काय करतोय. दाणा मऊच असतो, खरंय, पण त्याचं कूस ब्रॅकेटमध्ये असं बसतं की निघता निघत नाही. मशीन चार्ज करून नेली होती, शेतातच बादलीपाशी उभं राहून दोन टाक्या मारल्या आणि सगळं साफ. हुरड्याला फ्लॉसरच पाहिजे, हे माझं मत आजही तेच आहे. थंडीत टाकीत कोमट पाणी भरा, गार पाण्याने लेकीच्या दातात कळ यायची. गरम नको, कोमट. आणि थंडीत ओठ फुटतात, गालाची आतली बाजू ब्रॅकेटला घासून सोलवटते, तेव्हा तारांवर लावायचं मेण जवळ ठेवा, ब्रॅकेट कोरडं करून मग मेण दाबायचं, ओल्यावर ते धरत नाही.

संक्रांतीला एक ब्रॅकेट गेलं. तिळगूळ मऊ केला होता, शेंगापोळी पण तिने तुकडे करून खाल्ली, पण गड्ड्याच्या यात्रेत मैत्रिणीने दिलेली चिक्की चावली आणि खालच्या दाढेजवळचं ब्रॅकेट निसटून तारेवर फिरायला लागलं. चिकटवायचे ३०० रुपये. कडक भाकरीने मात्र एकदाही काही झालं नाही, कारण ती पहिल्या दिवसापासून आमटीत कुस्करूनच खातेय. दुसरं ब्रॅकेट एप्रिलमध्ये गेलं, बर्फाच्या गोळ्याने. चोखायचा म्हणून सांगितलं होतं, शेवटचा खडा कडकन फोडला. तार आवळून आल्यावर दोन दिवस दुखतं तेव्हा मात्र गार पाण्याचा खरंच उपयोग होतो. सुरुवातीच्या तारा निकेल टायटॅनियमच्या असतात, गारव्याने त्या तेवढ्यापुरत्या मऊ पडतात आणि ओढ कमी होते, म्हणून ती माठातलं पाणी तोंडात धरून बसायची. कैरी आणि लिंबू सरबताबद्दल मॅडमनी सांगितलेलं पण लिहून ठेवते, आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नाही, साध्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने घासायचं.

आता मशीनचं रडगाणं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मधल्या दिवसांत सोसायटीचं बोअर. बोअरचं पाणी किती जड आहे ते गीझर उघडला की कळतं. तेच पाणी दोन महिने टाकीत भरलं आणि झोत बारीक बारीक होत गेला. नोझलच्या टोकाला पांढरा थर. युट्यूब न बघता मी लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवलं, तेवढं एकदा फिरवलं, मग दोन टाक्या साध्या पाण्याच्या, झोत परत पहिल्यासारखा. म्हणजे पाण्याचा त्रास घरात सुटला. आता फक्त फिल्टरचं पाणी वापरतो आणि महिन्यातून एकदा लिंबूसत्व.

पण झाकण. जानेवारीपासूनच ते नीट बसत नव्हतं. रोज उघड-बंद करून रबर ताणलं गेलं, दाबलं की वर यायचं. मेमध्ये एका रात्री मशीन चालूच झालं नाही. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे मुदतीत. सोलापुरात सर्व्हिस सेंटर नाही, पुण्याला कुरियर केलं, १८० रुपये माझे. तीन आठवड्यांनी तसंच्या तसं परत आलं, आत चिठ्ठी, लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. पाण्याने दात धुवायचं यंत्र आहे हे, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात आयपीएक्स ७ लिहिलंय, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जाता कामा नये. फोनवरचा मुलगा म्हणाला ते झाकण घट्ट बंद असेल तरच लागू. मी म्हणलं झाकण तुमचंच आहे ना, ते पाच-सहा महिन्यांत ढिलं झालं तर ग्राहकाने काय बोटाने धरून ठेवायचं का? सुटं झाकण विकत द्या म्हणलं तर ते मिळत नाही. दहा रुपयांच्या रबरासाठी २,२०० ची वस्तू कचऱ्यात. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानात बघितलं तर बऱ्याच मशीनला असंच झाकण आहे.

ह्यांनी सांगितलं सोड आता. मी नाही सोडलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, बिल, खोक्याचा फोटो, ढिल्या झाकणाचा व्हिडिओ, चिठ्ठी, सगळं जोडलं. कंपनीला मेलमध्ये हे पण लिहिलं की ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही आणि मी जाणार आहे. जुलैमध्ये नवीन मशीन घरी आलं. कुरियरचे १८० नाही दिले.

आणि इथे माझं मत बदललं. मे ते जुलै आमच्याकडे मशीन नव्हतं. ते दिवस आंब्याचे, रेषा अडकणारच, म्हणून मी रोज रात्री लेकीच्या शेजारी उभी राहायचे, आधी साधा ब्रश, हिरडीकडून ब्रॅकेटकडे तिरका, मग खालून वर, मग ती ४० रुपयांची काडी एकेका ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना, शेवटी गुळणी. पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागायची, नंतर आठ. जुलैमध्ये मॅडम म्हणाल्या हिरड्यांतून रक्त येणं थांबलंय, सूज नाही, पांढरा पट्टा पण वाढलेला नाही. जे २,१९९ ने झालं नव्हतं ते त्या काडीने झालं. कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलो तेव्हा पण खिशात तीच होती, वाटेत फराळाचं खाल्लं की आडोशाला उभी राहून साफ करायची.

म्हणून विचाराल तर, पैसे मोजके असतील तर फ्लॉसर घेऊ नका, वर्षभराचे इंटरडेंटल ब्रश आणि फ्लोराइडवाली पेस्ट घ्या. घरी हुरडा, शेंगाची चटणी, आंबा असं सगळं चालत असेल आणि परवडत असेल तर घ्या, पण तो ब्रशच्या आधी मारायचा, ब्रशच्या जागी नाही. शेजारच्या दोघींनाही मी जाऊन हेच सांगून आले, कारण घ्या म्हणून मीच सांगितलं होतं.

ह्या दिवाळीत चकल्या मोडून खाल्ल्या, एकही ब्रॅकेट गेलं नाही. तारा पुढच्या उन्हाळ्यात निघतील असं मॅडम म्हणतात, मग रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून लावतात ते. तोवर हे मशीन टिकवायचं आहे, सध्या झाकणावर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळून ठेवलीय आणि चार्जिंगच्या आधी भोक कापसाने पुसतेय. कुणाला ह्या गोल भोकात बसणारं सुटं रबरी झाकण कुठे मिळालं असेल तर कृपा करून सांगा, आठ मिलिमीटरचं आहे, मी पट्टीने मोजलंय.